‘ताई, तुमचा लॉट रिजेक्ट झालाय’

‘घरबसल्या बँक्वेट टेबलची सजावट करा. माल आमचा, कला तुमची, खरेदी पुन्हा आमची.’ ही जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्यापर्यंत आली असेल किंवा येईल. पूर्वी याच साच्यात मेणबत्त्या होत्या, मग कापसाच्या वाती आल्या, पेन्सिल पॅकिंग आलं. आता सेंटरपीसची, म्हणजे टेबलाच्या मधोमध ठेवायच्या सजावटीची पाळी आहे. माझे यात १३,००० रुपये गेले, माझ्या जावेचे तेवढेच. ओळखीतल्या बाकीच्या बायका धरल्या तर रक्कम लाखाच्या पुढे जाते. फर्मचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि नाव बदलायला त्यांना नवा फ्लेक्स छापण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

मी नाशिकची. रुखवताच्या ऑर्डरी घेते. सुपारीची भटजी-नवरी, खडीसाखरेचं तुळशीवृंदावन, डोहाळजेवणाची सजावट, असलं सगळं. ही जाहिरात आमच्या रुखवतवाल्या बायकांच्या ग्रुपवर आली, हे काही योगायोगाने झालं नाही. हातात कला आहे, घरात दुपारचे चार तास आहेत आणि हक्काचं गिऱ्हाईक नाही, अशी बाई त्यांना हवी असते.

योजना अशी होती. ५० सेंटरपीसचं सामान ते देणार. त्यासाठी ११,५०० रुपये अनामत, ‘पूर्ण रिफंडेबल’. ट्रेनिंगचे १,५०० वेगळे. एका नगाला ९० रुपये मजुरी, म्हणजे लॉटमागे ४,५००. तीन लॉट पास झाले की अनामत परत. हे वाचून कुणी म्हणेल, लोभाला बळी पडल्या. मला ते अजिबात मान्य नाही. महिन्याला पन्नास हजार मिळतील असं त्यांनी सांगितलं असतं तर आमच्यातली एकही बाई त्या जिन्याची पायरी चढली नसती. ९० रुपये हा आकडाच पटणारा होता. मेहनतीला शोभेल एवढाच.

ऑफिस ऐन रस्त्यावर, एसी चालू, काचेच्या कपाटात झगमगणारे नमुने. भिंतीवर तीन फ्रेम. त्यांच्याकडे बोट दाखवून तिथला माणूस म्हणायचा, “ताई, आपण सरकारमान्य आहोत.” त्या फ्रेममध्ये काय होतं ते नीट सांगते, कारण भल्याभल्यांचा विश्वास तिथेच बसतो. पहिलं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद. ते फुकट मिळतं आणि अर्जदाराने स्वतः भरलेल्या माहितीवर निघतं. धंदा प्रामाणिक आहे का, हे कुणी तपासायला येत नाही. दुसरा गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद. २०१७च्या कायद्यानंतर कामगार मोजके असतील तर महाराष्ट्रात नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पोच मिळते. ती पोचच फ्रेममध्ये होती. तिसरं जीएसटी. हा नंबर मात्र कामाचा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकून बघता येतो: मालकाचं खरं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द. ‘बारा वर्षांचा अनुभव’ छापणाऱ्या या फर्मची नोंदणी पाच महिन्यांपूर्वीची होती आणि पत्ता दुसऱ्याच जिल्ह्यातला. पैसे मात्र यूपीआयने तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेले होते.

करार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, खाली नोटरीचा लाल शिक्का. लाल शिक्का दिसला की आपल्याकडे माणसं मवाळ होतात. पण सही कुणी केली एवढंच नोटरी बघतो. करार न्याय्य आहे का, समोरचा तो पाळणार आहे का, याच्याशी त्या शिक्क्याचा काही संबंध नाही.

आता सामानाविषयी. लाकडाची गोल चकती, तिच्यावर काचेचा बाऊल, बाऊलच्या कडेला मोत्यांची दुहेरी लड, बाजूला तीन उभी कापडी ऑर्किड आणि चंदेरी पानं, आत पाण्यावर तरंगणारी मेणबत्ती. दिसायला देखणं, यात वाद नाही. खोक्यात हॉट ग्लू गन आणि तिच्या कांड्या. ट्रेनिंग म्हणजे तासाभराचा कारभार. शिकवणाऱ्या मुलीने अर्धा तयार नग पुढे घेतला आणि वरची फुलंच काय ती लावून दाखवली. मोत्यांची लड तिने आमच्यासमोर एकदाही चिकटवली नाही.

घरी बसल्यावर कळलं का ते. गुळगुळीत काचेवर हॉट ग्लू धड धरत नाही. गरम असताना वाटतं, झकास बसलं. काच गार झाली की ग्लू आक्रसतो आणि सकाळी लड नखाने अख्खी सोलून निघते. मी काच स्पिरिटने पुसली, हेअर ड्रायरने कोमट केली, पॉलिश पेपरने कड किंचित खरवडली. खरवडल्यावर धरलं, पण मोत्यांच्या आडून ओरखडे दिसायला लागले. त्यात प्रत्येक मोत्यापाशी ग्लूचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. फुलंही मोजून कमी. १५० हवीत, निघाली १३८. फोन केला तर उत्तर, “ताई, बाकीच्यांना पुरली.” उरलेली मी पदरच्या पैशाने आणली.

सगळा लॉट घेऊन गेले. ऑफिसातल्या त्या माणसाने तीन नग उचलले, उजेडात धरले आणि कपाळावर आठीही न आणता म्हणाला, “ताई, तुमचा लॉट रिजेक्ट झालाय. ग्लूचे धागे दिसतायत, काचेला स्क्रॅच आहे. बँक्वेटवाले घेणार नाहीत.” बाकीचे सत्तेचाळीस नग खोक्यातून बाहेरही आले नाहीत. तो आतल्या खोलीत गेला तेव्हा मी कपाटातला नमुना काढून उलटा केला. मोती पारदर्शक गमने लावलेले होते, दागिने आणि मोबाइलचे काचेचे भाग चिकटवायला वापरतात तसल्या. तो वाळायला चोवीस तास तरी घेतो, पण एकदा धरला की धरला. म्हणजे जो नमुना बघून आमचा माल नापास व्हायचा, तो त्यांनी दिलेल्या सामानातून बनतच नव्हता. शिकवायला बसवलेल्या मुलीलाही हे ठाऊक असणार, नाहीतर लड टाळली नसती.

मग कराराचं अकरावं कलम पुन्हा वाचलं: ‘एकही नग मंजूर नमुन्याप्रमाणे नसल्यास संपूर्ण लॉट नामंजूर, आणि अनामत कच्च्या मालाच्या किमतीपोटी वळती केली जाईल.’ ती किंमत किती, हे करारात कुठेच नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर तसाच बाऊल, तशीच फुलं, तशीच चकती यांचे घाऊक भाव विचारून आले. पन्नास नगांचं सामान साडेतीन हजारांच्या आत बसत होतं. आमच्याकडून घेतले १३,०००. त्यांचा धंदा सेंटरपीस विकण्याचा नव्हताच. खोकं विकलं की त्यांचा व्यवहार पुरा, आणि नापास करणं हा त्याचाच शेवटचा टप्पा.

पुढे एका डेकोरेटरकडे कामाला असलेल्या ओळखीच्या मुलाने मला या धंद्याचं खरं गणित सांगितलं. हॉलवाल्याला सेंटरपीस विकत नको असतं. बाऊल, स्टँड, कँडल होल्डर हे डेकोरेटरचं भाड्याचं सामान. रात्री कार्यक्रम संपला की धुऊन खोक्यात, परवा दुसऱ्या टेबलावर. नवं लागतं ते ताजं फूल. ते कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे बाजारातून येतं. ओल्या फोममध्ये खोचायचं काम त्याचीच पोरं करतात. एक डेकोरेटर दोन-अडीचशे बाऊलवर वर्षानुवर्षं काढतो. मग फर्मवाले सांगायचे ती ‘दरमहा पाच हजार नगांची मागणी’ येणार कुठून? आणि आपल्याकडच्या लॉन्सवरचं लग्न डोळ्यांसमोर आणा. हजार माणूस बुफेला, ताट डाव्या हातात, वाटी ताटात घसरतेय, पाणी कुठे ठेवायचं याची पंचाईत. त्या माणसापुढे टेबलच नसतं तर टेबलाच्या मधोमध काय ठेवणार! सेंटरपीस लागतात ते कंपनीच्या डिनरला, संगीताला, व्हीआयपींच्या चार-सहा गोल टेबलांना.

खऱ्या कामाची आणखी एक खूण त्याच मुलाने सांगितली. सजावट एक तर बसलेल्या माणसाच्या नजरेखाली राहिली पाहिजे, साधारण फूटभर, नाहीतर बारीक स्टँडवर दोन फुटांच्या वर गेली पाहिजे. मधल्या उंचीची केली की समोरच्या पाहुण्याचं तोंड फुलांआड जातं. आमचा नमुना चकती, बाऊल आणि उभ्या ऑर्किडसकट दीड फूट भरत होता. कुठल्याच बँक्वेटला ज्याने माल दिलेला नाही, त्यानेच तो ठरवला असणार.

अनामत मागायला आम्ही एकत्र गेलो तेव्हा ऑफिसातल्या माणसाने नवा तोडगा काढला: प्रत्येकीने दोन नव्या बायका आणा, तुमचे पैसे त्यांच्या अनामतीतून सोडवतो. एकीने रडून-भांडून पाच हजार सोडवले, बाकीच्या रिकाम्या हाताने परतल्या. पुढच्या आठवड्यात शटर बंद.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, “करार आहे ना? मग हा दिवाणी वाद आहे.” एकटी बाई गेली की हेच ऐकावं लागतं, आणि त्या उत्तरात थोडं तथ्यही आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखाली, म्हणजे पूर्वीच्या ४२०खाली, फसवणूक ठरायला सुरुवातीपासूनच हेतू खोटा होता हे दिसावं लागतं. एका करारातून ते दिसत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांचे करार, सगळ्यांच्या नापास शेऱ्यांचे फोटो आणि यूपीआयच्या पावत्या एकत्र लावल्या. प्रत्येकीला तेच कलम, तीच ‘ग्लूचे धागे’ची सबब, एकीचाही लॉट पास नाही. तेव्हा कुठे अर्ज घेतला गेला. सोबत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. ‘हा व्यापारी व्यवहार आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असा मुद्दा समोरून येऊ शकतो. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेला माल व्यापारी व्यवहारात धरलेला नाही. आमचा भर त्यावरच आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

अशा फर्मला पैसे दिलेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा आणि आयोगाची दोन वर्षांची मुदत जाऊ देऊ नका. तो नापास माल मात्र फेकू नका, आणि ‘परत जमा करा’ असा फोन आला तरी देऊ नका. आमच्यातल्या दोघींनी भाबडेपणाने खोकी परत नेऊन दिली आणि हातचा पुरावा गेला. अनामत जर कच्च्या मालाच्या किमतीपोटी वळती केली असेल, तर त्यांच्याच करारानुसार ते बाऊल, ती फुलं आणि त्या चकत्या तुम्ही विकत घेतलेल्या आहेत.