सिंहगडाकडचा अँटेना काढून फ्री डिशची छत्री लावली, एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

सिंहगड रोडला आमचं जुनं बैठं घर, गच्चीवर लोखंडी पाइप आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना, तोंड अर्थात गडाकडे, 1973 पासून पुण्यात दूरदर्शन तिथल्या टॉवरवरूनच दिसायचं. मार्च 2022 पर्यंत दूरदर्शनने देशभरातले जवळपास सगळे ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. आता बरेच जण विचारतात की अँटेना आहे तसा ठेवून नुसता फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट उपग्रह सेवेचा, बॉक्स आणला तर चालेल का, तर नाही चालत, हा सिग्नल जीसॅट-15 उपग्रहावरून येतो, त्याला छत्रीच लागते. जुनी चपटी वायरपण काढून टाका, आरजी-6 म्हणजे छत्रीला वापरतात ती गोल केबल घ्या.

बॉक्स कुठला घ्यायचा यावरच सगळी चर्चा होते पण माझ्या मते खरा प्रश्न छत्री कशावर बसवली हा आहे. फिटरने आमची छत्री जुन्या पाइपलाच क्लॅम्प मारून लावली, चित्र आलं, पैसे घेऊन गेला. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि मग नो सिग्नल. पाइप डुलत होता. अँटेनाला तेवढं डुललेलं चालायचं, तो रुंद भागातून सिग्नल घेतो, फार तर पडद्यावर मुंग्या यायच्या. 60 सेंटीमीटरच्या छत्रीला मात्र जेमतेम 3 अंशांची पट्टी दिसते, दीड अंश सरकली की सिग्नल निम्मा, आणि डिजिटलमध्ये मुंग्या वगैरे नाहीत, दिसलं तर स्वच्छ नाहीतर काहीच नाही. मग जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर फास्टनर ठोकून पक्की बसवून घेतली आणि त्यानंतर वाऱ्याने एकदाही गेलं नाही. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका हां, वॉटरप्रूफिंग जातं आणि खालच्या खोलीत ओल येते.

दिशेचंपण नीट बघा. गड आपल्या नैर्ऋत्येला आणि हा उपग्रह आग्नेयेला, पुण्यातून उत्तरेपासून साधारण 132 अंशांवर, म्हणजे अँटेनाची जागा छत्रीला चालेलच असं नाही. पण उपग्रह आकाशात चांगला 59 अंश वर आहे त्यामुळे समोरच्या बिल्डिंगला घाबरायचं कारण नाही, 10 फुटांवरची वस्तू छत्रीपेक्षा 16 फुटांहून जास्त उंच असेल तरच आड येते. आम्हाला शेजारच्या नारळाची झावळी आड येत होती, शेजाऱ्यांना विचारल्यावर त्यांनी लगेच काढून दिली, फार बरं वाटलं. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरू नका, चुकीचं दाखवतं. आणि छत्री बघून वाटतं ही तर समोरच बघतेय, तसं नसतं, एलएनबी, म्हणजे दांडीच्या टोकावरचा सिग्नल पकडणारा डबा, खालच्या बाजूला असल्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते.

पावसाळा कसा गेला? रिमझिमीत काहीच होत नाही, पण धो धो सुरू झाला की दहा-पंधरा मिनिटं चित्र जातं, पाऊस कमी झाला की आपोआप येतं, तेव्हा गच्चीवर जाऊन छत्री हलवू नका. एलएनबीच्या पिनला रबरी टेप गुंडाळून घ्या आणि केबल घरात शिरायच्या आधी तिला खाली झोळ ठेवा म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. बॉक्समध्ये स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन पट्टे दिसतात, त्यातला क्वालिटीचा बघायचा, स्ट्रेंग्थ छत्री चुकीकडे असली तरी भरलेली दिसते.

बॉक्स एमपीईजी-4 चाच घ्या, म्हणजे नव्या पद्धतीने पाठवलेलं चित्र दाखवू शकणारा, काही चॅनल जुन्या बॉक्सवर येतच नाहीत. नवीन टीव्ही असेल तर आधी मेनूत सॅटेलाइट ट्यूनर आहे का बघा, असला तर बॉक्सची गरजच नाही, केबल थेट टीव्हीला. महिन्याचं भाडं शून्य. आईबाबांना सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या लागतात, त्या रोज स्वच्छ दिसतात, त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप केला. खाजगी मराठी चॅनल मात्र मोजकेच आहेत, मालिका बघणाऱ्या घराला हे पुरणार नाही. खाजगी चॅनलच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो त्यामुळे एप्रिलमध्ये यादी बदलते, एखादा चॅनल गायब झाला तर आधी नवीन स्कॅन मारा. आणि मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सकाळी अकराच्या आसपास थोडा वेळ चित्र गेलं तर फिटरला बोलावू नका, तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो.