टायविन लॅनिस्टरचा न्याय कुठल्या मापाने करायचा?

'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिलेले असोत की ज्यावर ती बेतली ती जाडजूड पुस्तकं वाचलेले, त्यातल्या बलाढ्य सरदार टायविन लॅनिस्टरचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'तो युद्धगुन्हेगारच आहे' हे एक आणि 'त्या काळात सगळेच असं करायचे' हे दुसरं. पहिल्यामागे युद्धातल्या वागणुकीचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांचं माप आहे, दुसऱ्यामागे वेस्टेरॉसच्या, म्हणजे कथेतल्या काल्पनिक देशाच्या रूढींचं. त्याच्यावर लिहायचं किंवा बोलायचं असेल, तर यातलं कुठलं माप हाती घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं. आपलं माप कडक आणि त्यांचं ढिलं, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. एकेक गुन्हा दोन्ही मापांना लावून पाहिला, तेव्हा ते खोटं ठरलं. (पुढे कथानक उघड होतं. पुस्तकं वाचायची असतील तर इथेच थांबा.)

रेड वेडिंग

टायविनविरुद्ध लढणारा रॉब स्टार्क आणि त्याची आई वॉल्डर फ्रेच्या गढीत लग्नाला येतात, त्याच्या घरची भाकरी आणि मीठ खातात आणि लग्नाच्या रात्री तिथेच मारले जातात. टायविन तेव्हा दूर राजधानीत आहे. त्याने फक्त कट जुळवणारी पत्रं लिहिली.

वेस्टेरॉसच्या मापाने याहून मोठं पाप नाही. आपल्याकडे मिठाला जागायचं ते खाणाऱ्याने. तिथे मीठ वाढणाराही तितकाच बांधलेला असतो. उलट आधुनिक कायदा इथे अडखळतो. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम 37 विश्वासघाताने शत्रूला मारायला मनाई करतं, पण तो विश्वास युद्धकायद्याने मिळणाऱ्या संरक्षणाबद्दलचा असावा लागतो. फ्रे तर रॉबच्याच बाजूचा सरदार होता. निःशस्त्र आणि जखमी माणसांना मारल्याचा आरोप टिकेल. पण ज्या गोष्टीने वाचकाच्या अंगावर काटा येतो, ती जेवणाची पंगत, आरोपपत्रात येणारच नाही.

कादंबऱ्यांचा लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिनने या प्रसंगामागची एक प्रेरणा म्हणून ग्लेन्कोचं नाव घेतलं आहे. स्कॉटलंडच्या त्या खोऱ्यात मॅकडोनाल्डांच्या घरी जवळपास दोन आठवडे राहिलेल्या सैनिकांनी 13 फेब्रुवारी 1692 च्या पहाटे यजमानांवरच शस्त्र उचललं. सुमारे 38 माणसं मारली गेली. विश्वास संपादन करून केलेला खून हा स्कॉटिश कायद्यात साध्या खुनाहून गंभीर गुन्हा होता. 1695 च्या चौकशीत बोट रोखलं गेलं ते प्रत्यक्ष तिथे नसलेल्या, दुरून पत्रं पाठवणाऱ्या मंत्र्याकडे, जॉन डॅलरिंपलकडे. त्याचं पद गेलं, शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. रक्त फ्रेच्या हातांवर आहे, असं टायविन आपल्या मुलाला सांगतो, तेव्हा मला दर वेळी डॅलरिंपलची पत्रं आठवतात.

नद्यांचा मुलूख

इथे तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो. मुलगा टिरियनला कैद केलं म्हणून टायविनचा सरदार ग्रेगर क्लेगन आधी निशाणाशिवाय गावं जाळतो. पुढे युद्ध पेटल्यावर गॉड्स आय सरोवरापासून रेड फोर्क नदीपर्यंत सगळा मुलूख पेटवण्याचा हुकूम टायविन स्वतः देतो आणि त्यासाठी क्लेगन, लॉर्च आणि भाडोत्री टोळीचा होट अशी तीन माणसं निवडतो. आधुनिक मापाने इथे वादाला जागा नाही. नागरिकांवर हल्ला, लूट, छळ, सगळं स्पष्ट आहे.

'तेव्हा सगळेच करायचे' हे इथे थोडं खरं आहे. 1355 मध्ये इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड बोर्दोपासून नार्बोनपर्यंत असाच जाळपोळ करत गेला आणि त्याची कीर्ती वाढली. पण कादंबरीतच जळालेल्या गावांतले लोक सिंहासनासमोर येऊन गुडघे टेकतात आणि रॉबचा बाप नेड स्टार्क, राजाच्या वतीने, क्लेगनला मृत्युदंड सुनावतो. म्हणजे त्या जगालाही हे चूक आहे हे कळत होतं. आपल्या इतिहासातही 1474 मध्ये ब्रायझाखला बरगंडीच्या ड्यूकचा सुभेदार पेटर फॉन हागेनबाखवर खटला चालला. मी माझ्या ड्यूकच्या हुकमाने वागलो, हा त्याचा बचाव मानला गेला नाही आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. काळाचा आडोसा वाटतो तितका मोठा नाही.

किंग्ज लँडिंग

ही राजधानीतली, या युद्धाच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. टायविनने राजाच्या मदतीला आलो असं भासवून वेशी उघडून घेतल्या, मग शहर लुटलं. त्याच्या माणसांनी राजाची सून एलियावर अत्याचार करून तिला मारलं, तिच्या तान्ह्या एगॉनला आणि छोट्या ऱ्हेनिसलाही. मुलांना मारणं गरजेचं होतं, हे टायविन पुढे मान्य करतो. एलियाबद्दल मात्र तो म्हणतो की मी तसा हुकूम दिलाच नव्हता.

1945 मध्ये जपानी जनरल यामाशिताचा बचाव याच जातीचा होता: मनिलातले अत्याचार मी करवले नाहीत. सैन्याला आवरलं नाही म्हणून त्याला फेब्रुवारी 1946 मध्ये फाशी झाली. त्याला खरंच माहीत होतं का, यावर कायदेपंडित अजून वाद घालतात. टायविनच्या बाबतीत तो संशयही उरत नाही. क्लेगन काय आहे हे ठाऊक असूनच त्याने त्याला पाठवलं.

टायविनच्या बंडखोर मांडलिकांच्या गढीवर, कॅस्टामीअरवर, लांबण लावत नाही. शरणागतीची बोलणी सुरू करणाऱ्यांना उत्तर न देता खाणीची तोंडं बुजवून आत पाणी सोडलं, तीनशेहून जास्त माणसं बायकामुलांसह मेली. दोन्ही मापांनी गुन्हाच.

मग कुठलं घ्यायचं?

फक्त रेड वेडिंगबद्दल बोलणार असाल तर वेस्टेरॉसचंच माप घ्या, ते जास्त नेमकं आहे. संपूर्ण टायविनबद्दल एकच माप घ्यायचं असेल, तर मी आधुनिक घेईन, कारण त्यात मेलेल्यांची मोजणी पूर्ण होते. एलियासाठी तिचा भाऊ ओबेरिन क्लेगनशी द्वंद्वात उतरू शकला, कारण ती डॉर्न प्रांताची राजकन्या होती. नदीकाठच्या गावातल्या बाईच्या भावाला ती सोय नाही.

हॅरेनहॉल किल्ल्याच्या वाटेवर रॉबची धाकटी बहीण आर्या रोज रात्री झोपताना मारायच्या माणसांची नावं पुटपुटते. क्लेगन, लॉर्च, छळ करणारा टिकलर, शिपाईसुद्धा. त्या यादीत टायविन नाही. त्याचं नाव घ्यायला हवं होतं हे तिला कळतं, ते त्याची फौज वेशीबाहेर निघून जाते तेव्हा.