ठरावीक करंट की स्वतः जुळवणारा?

वेदनेसाठी मणक्यात बसवलेल्या ठरावीक करंटच्या स्टिम्युलेटरमध्ये (मज्जारज्जूजवळच्या इलेक्ट्रोडमधून विजेचे हलके झटके, म्हणजे पल्स, देऊन वेदना दाबणारं यंत्र) करंटचे मिलिअँपिअर एकदा लावले की तेच राहतात. पण उताणं झोपलं की मज्जारज्जू इलेक्ट्रोडजवळ सरकतो आणि झिणझिण्या टोचू लागतात, खोकल्यातही तेच. खंबाटकी घाटातून एसटीने गचके खात जाणारा साताऱ्याचा रुग्ण मग रिमोटवर करंट उतरवतो, अन् वेदना परतते.

सेन्सरवालं यंत्र प्रत्येक पल्सनंतर मज्जातंतूंचा प्रतिसाद मोजून पुढची पल्स बदलतं. अवघड इथेच: प्रतिसाद मायक्रोव्होल्टचा, पल्स काही व्होल्टची; तिच्या मागे उरलेल्या विद्युत-गोंगाटात तो बुडतो. शिवाय ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५० पल्स धरल्या तर, दिवसाच्या ४३ लाख २० हजार नोंदी! सगळ्या साठवल्या तर बॅटरी लवकर उतरते. तासागणिक गोषवारा पुरतो. सतत हालचाल असणाऱ्याला आम्ही सेन्सरवालं यंत्रच सुचवू. इलेक्ट्रोडची तार जास्त सरकली तर मात्र दोन्ही यंत्रांचं प्रोग्रॅमिंग नव्याने करावं लागतं.