पणजोबांच्या रिव्हॉल्व्हरसाठी घेतलेलं दहापट भिंग

पणजोबांचं रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं, .३८ डबल अ‍ॅक्शन, म्हणजे ट्रिगर ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन सुटतो असं. हे मॉडेल १८८० साली बाजारात आलं. निकेलचा मुलामा एवढा चकचकीत, की बाबा सगळ्यांना सांगायचे, "कारखान्यातून निघालं तस्संच आहे." ते खरं आहे का हे बघायला मी हे भिंग घेतलं.

भिंग उत्तम आहे. तीन काचा जोडून केलेलं, त्यामुळे कडेला रंगीत झालर येत नाही. वस्तू जेमतेम अडीच सेंटिमीटरवर आणि डोळा भिंगाला जवळजवळ टेकलेला, तरच नीट दिसतं. याची सवय व्हायला वेळ लागतो. सोबतचा दिवा मात्र निकेलवर अगदी निरुपयोगी. सगळं पांढरं होऊन जातं. त्या दिव्यासाठी एक तारा कापला, पाचपैकी चार.

रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री केली, दिवा बंद केला आणि खिडकीशी तिरप्या उजेडात बसलो. तेव्हा कुठे दिसायला लागलं. नळीवरच्या पेटंटच्या तारखांची अक्षरं कडांना विरघळल्यासारखी. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट, म्हणजे नवा मुलामा देण्याआधी पॉलिशचं चाक फिरलेलं. आणि गंजाचे बारीक खड्डे, ज्यांच्या तळाशीही निकेल होतं! मूळ मुलामा उडून मग गंज चढला असता, तर खड्ड्यात निकेल कुठून येणार? इथे गंज आधीचा, मुलामा नंतरचा.

एक खूण तर साध्या डोळ्यांनाही दिसते. या मॉडेलच्या कारखान्यातल्या निकेल रिव्हॉल्व्हरवर घोडा आणि ट्रिगर केस-हार्डन केलेले (वरचा थर कडक केलेले), रंगांच्या छटा असलेले असतात आणि ट्रिगर गार्ड निळा. आमच्याकडे तिन्हींवर निकेल. दुरुस्तीला कारखान्यात परत गेलेल्या रिव्हॉल्व्हरवर मुठीच्या तळाशी चांदणीचा ठसा मारत. तोही सापडला नाही, तेव्हा हे काम बहुधा बाहेरचंच. मुठीवरचा आणि सिलिंडरवरचा क्रमांक मात्र एकच आहे, म्हणजे सिलिंडर मूळचंच, याचा फार आनंद झाला.

बाबांच्या हातात भिंग दिलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "हो रे, गंज खालीच आहे." धाकटा भाऊ आता नव्याने मुलामा द्यायचा म्हणतोय. मी हात लावू देणार नाही. त्या तारखांची उरलीसुरली अक्षरंही चाकाखाली जातील.