पिकअपच्या वायरिंगसाठी आधी काय घ्यावं: टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर की स्कॅनर?

मागची लाइट कधी लागते कधी नाही, इंडिकेटर भलताच फडफडतो, बॅटरी रात्रीत उतरते आणि आता आपणच बघू म्हणून एखादं साधन घ्यायचंय, तर माझं मत सरळ आहे. आधी मल्टिमीटर, त्याच्या जोडीला साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प (एका बाजूला क्लिप, दुसऱ्या बाजूला टोक, करंट असेल तर पेटतो), आणि स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र, सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, आधी स्कॅनर घेतात आणि मग तो ज्याचा कोड दाखवेल तो पार्ट बदलत सुटतात, चांगले पार्ट असे फेकले जाताना बघून खरंच वाईट वाटतं.

फ्यूज बघायचे असतील तर लॅम्पसारखं काही नाही. चावी ऑन करा, लॅम्पची क्लिप अर्थला (चासीच्या उघड्या पत्र्याला किंवा बॅटरीच्या मायनसला) लावा, आणि फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या पत्र्यांना टोक टेकवत जा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला पेटला तर उडालेला, कुठेच नाही पेटला तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाहीये. अख्खा फ्यूजबॉक्स दोन-तीन मिनिटांत होतो. हेच मीटरने केलंत तर दर वेळी मान वळवून आकडा बघा, त्यात वेळ जातो.

आणि मीटरची एक गोष्ट सुरुवातीला सगळ्यांनाच फसवते. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो तारेतून जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे तार आतून कुजून एकच केस उरलेला असला तरी स्क्रीनवर छान १२ व्होल्ट दिसतात आणि आपण म्हणतो सप्लाय ओके. लॅम्पचा बल्ब थोडा तरी करंट खातो, अशा तारेवर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही.

मी स्वतः यात अडकलोय. ब्रेक दाबला की एका बाजूची लाइट मंद आणि त्याच बाजूचा इंडिकेटर हलकासा उजळायचा. मीटर बीपवर (तार सलग आहे का ते सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवून होल्डरच्या अर्थची तार तपासली, बीप आला, म्हणून तार सोडून होल्डर बदलला, बल्ब बदलले, फरक शून्य. नंतर कळलं की बऱ्याच मीटरना २०-३० ओहमपर्यंतसुद्धा बीप येतो, आणि २१ वॅटच्या बल्बच्या वाटेत नुसता २ ओहम रेझिस्टन्स आला तरी अडीच व्होल्टच्या आसपास तिथेच जातात! मग मीटर डीसी व्होल्टवर घेतला, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला लांब वायरने जोडली, लाल होल्डरच्या अर्थला लावली, आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगितला. ३.८ व्होल्ट! तिथे पाव व्होल्टसुद्धा नको. अर्थचा बोल्ट चासीवर जिथे बसतो तिथे थिंबलखाली (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट पावडर साचली होती, ती पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं, आकडा ०.०५ वर आला. पिकअपमध्ये हा फॉल्ट फार, कारण हौदा चासीवर वेगळा बसतो, चिखल-पाणी थेट मागच्या अर्थवर उडतं, आणि ट्रेलरचं सॉकेट असेल तर तेही त्याच चिखलात.

म्हणून मीटर पहिला. खराबी आहे हे लॅम्पही सांगतो, पण किती आहे आणि नेमकी कुठे, हे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत वाया जाणाऱ्या व्होल्टचा आकडा, तोच दाखवतो, फक्त तो बघताना सर्किट चालू पाहिजे, लोड नसेल तर आकडा खोटा. बॅटरीचंही तसंच: गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवं. लॅम्पला यातलं काही सांगता येत नाही.

लॅम्प कुठे लावायचा नाही तेही लक्षात ठेवा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला अजिबात नाही, ५ व्होल्टच्या सेन्सरच्या तारांना किंवा ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) पिनला नाही, बल्बने ओढलेल्या करंटने आतलं सर्किट जाऊ शकतं. सेन्सरच्या तारांवर मीटरच.

स्कॅनरची खरी गरज कधी, तर एकदम चार-पाच दिवे डॅशवर लागले, मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) एकमेकांशी बोलेनासे झाले, यू०१०० (ईसीयूशी संपर्क तुटला) सारखा कोड आला तर. पण तेव्हाही पी०५६२ म्हणजे फक्त सिस्टिमचं व्होल्टेज कमी आहे एवढंच कळतं, कारण बॅटरी आहे, अल्टरनेटर आहे की सैल टर्मिनल, ते परत मीटरनेच शोधायचं. आणि साध्या टेललॅम्पच्या खराब अर्थचा कोड तर बहुतेक गाड्यांत येतच नाही.

फ्यूज सारखा उडत असेल तर मात्र लॅम्पच्या जातीचीच युक्ती. फ्यूज काढून त्याच्या जागी दोन वायरींनी २१ वॅटचा बल्ब जोडा, त्या सर्किटवरचं सगळं बंद ठेवा, शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, मग हार्नेस (तारांचा जुडगा) वीतभर-वीतभर हलवत मागे जा, जिथे बल्ब विझला तिथेच तार चासीला घासतेय. मोठा फ्यूज टाकून बघू, हे कधीही करू नका, तार पेटते.

राहिलं बॅटरी उतरणं, इथे मीटरच. दरवाजे बंद करून, चावी लांब ठेवून अर्धा तास थांबा, मॉड्यूल झोपायला वेळ घेतात, मग प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट बघा. शून्य नसेल त्या सर्किटमधून करंट जातोय. फ्यूज उपसत बसलात तर मॉड्यूल परत जागे होतात आणि अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.