पोटासाठी हिप्नोथेरपी (संमोहनाची) आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) दोन्ही केलं, गेल्या पावसापासूनचा अनुभव

आयबीएसवाल्यांसाठी लिहितेय (आतडं धड असूनही पोटदुखी आणि शौचाचा त्रास होत राहतो तो आजार), बाकीच्यांना 'एवढं काय पोटाचं' वाटेल, वाटू दे. आधी एक सांगते, माझं निदान गॅस्ट्रोच्या डॉक्टरनी रीतसर टेस्ट करून केलेलं आहे. शौचातून रक्त जातंय, कारण नसताना वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, किंवा पन्नाशीनंतर एकदम हे सुरू झालंय, असं काही असेल तर थेरपीबिरपी नंतर, आधी डॉक्टर गाठा.

माझा प्रकार शौचाच्या घाईवाला. सकाळी कळ, मग घाई, आणि घराबाहेर पडायचं म्हटलं की परत घाई. मेबेव्हेरिन (पोटातल्या कळेची गोळी) झालं, इसबगोल झालं, कांदा-लसूण बंद, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) बंद, गणेश चवथीला सगळे खतखतं (मिश्र भाजी) खाणार आणि मी पेज. थोडा फरक पडायचा पण टिकायचा नाही. मग डॉक्टर म्हणाले आतडं तुमचं धड आहे, पण आतड्याकडून मेंदूला जाणारा आवाज फार मोठा झालाय, तो कमी करायची थेरपी असते ती करून बघा. मला वाटलं सभ्य भाषेत 'सगळं मनाचं आहे' सांगतायत आणि रागच आला, पण तसं नाहीय ते. गुदाशयात छोटा फुगा फुगवून बघायचे प्रयोग झालेत त्यात आयबीएसच्या बऱ्याच पेशंटना इतरांपेक्षा कमी दाबालाच दुखायला लागतं. म्हणजे दुखणं खरंच, फक्त जरा लवकर आणि जास्त.

हिप्नोथेरपी म्हटल्यावर आई घाबरली. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे ना, हात पुढे केलेला तो आणि समोर कोसळणारी बाई, आईच्या डोक्यात संमोहन म्हणजे तेवढंच. 'तुला झोपवून काहीबाही विचारतील' म्हणे. गंमत म्हणजे १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा आपला फारिया पॅरिसात जाऊन नेमकं उलटंच सांगत होता, की संमोहन करणाऱ्याच्या हातातून काही शक्ती-बिक्ती निघत नाही, जे काय होतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात होतं. माझ्या थेरपिस्टनी पहिल्याच सेशनला जवळपास हेच सांगितलं. आणि झोप लागत नाही हो. सगळं ऐकू येतं, उठून जायचं तर जाता येतं. मी तर मध्येच पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न ऐकून पाव घ्यायचे राहिले म्हणून डोळे उघडलेत.

पोटासाठीची पद्धत वेगळी असते, सिगारेट सोडवायची ती ही नव्हे. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ३० पेशंटवर केलेला अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, तिथून ही सुरू झाली. आधी अंग सैल सोडायचं, मग पोटावर हात ठेवून तिथे ऊब पसरतेय असं मनात आणायचं, मग एक नदी, तिचा वेग आपण ठरवायचा. सेशन व्हिडिओ कॉलवर, आणि रोज घरी रेकॉर्डिंग ऐकायचं. रेकॉर्डिंग इंग्रजीत, त्यातली नदी कुठल्या तरी थंड देशातली, त्यामुळे माझं मन काय तिथे जाईना. शेवटी मी मांडवीच घेतली, तीसुद्धा डिसेंबरातली, पावसातली मांडवी घेऊन पोट कसलं शांत होतंय!

पहिले काही आठवडे शून्य फरक, हे लिहून ठेवा, कारण बरेच जण तिथेच सोडतात. मग हळूहळू कळ कमी झाली, पोट फुगणं बरंच कमी झालं. घाई मात्र तशीच होती. आणि खरं सांगू का, दुखणं कमी होऊनही माझं जगणं काही बदललं नव्हतं, मी बसमध्ये दाराजवळच बसायचे, ऑफिसच्या दिवशी नाश्ता नाही, पर्समध्ये लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी), लग्नाला गेलं की आधी टॉयलेट कुठे ते बघून ठेवायचं.

इथे सीबीटी कामाला आली, आणि माझ्या मते पैसे वसूल झाले ते हिच्यातच. सायकॉलॉजिस्टनी बालपण वगैरे काही उकरलं नाही, सरळ वहीच काढायला लावली. कुठे जायचं होतं, मनात काय आलं, मग काय केलं, आणि प्रत्यक्षात काय झालं. चारच रकाने, पण दोन-तीन आठवड्यांनी ते वाचलं तेव्हा 'काय होईल' आणि 'काय झालं' यात एवढा फरक होता की मलाच हसू आलं. मग पायऱ्या. आधी नाश्ता करून डिचोली बाजारापर्यंत, मग गोळी घरी ठेवून म्हापशापर्यंत, मग बसमध्ये मागच्या सीटवर. सगळ्यात वरची पायरी चोडण-रायबंदर फेरीबोट. पाच-दहा मिनिटांचीच असेल, पण एकदा सुटली की मध्ये उतरता येत नाही, त्यामुळे मी कित्येक वर्षं लांबचा वळसा घालून पणजीला जात होते. पहिल्यांदा गेले तेव्हा कळ आलीच, घामही आला, आणि पलीकडे पोचेपर्यंत ती आपोआप उतरली. पळून न जाता कळ उतरते, हे मला कुणी कितीही समजावलं असतं तरी पटलं नसतं.

आता तक्रारी. खर्च आहे, माझ्या पॉलिसीत यातलं काहीच बसलं नाही. होमवर्क कंटाळवाणं आहे. आणि हिप्नोथेरपीच्या नावाखाली पूर्वजन्म दाखवणारे, दोन दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावणारे भरपूर आहेत, मला एकानं आयबीएस कायमचा घालवायची गॅरंटी दिली, तिथून मी उठलेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन विचारा, त्यात लाजायचं काही नाही. बांबोळीला आयपीएचबी आहे, सरकारी मानसोपचार रुग्णालय, तिथे चौकशी करा. गावाबाहेर जायला जमत नसेल तर सीबीटी फोनवरूनही चालते, इंग्लंडमध्ये ५५८ पेशंटवर झालेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात फोनवरची आणि वेबसाइटवरची दोन्ही नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरली.

दोन्हीतलं एकच परवडत असेल तर? दुखणं जास्त असेल तर हिप्नोथेरपी, आणि दुखण्यापेक्षा भीतीच जास्त असेल तर डोळे मिटून सीबीटी. माझा आयबीएस गेलेला नाही, पाळीच्या आठवड्यात अजून त्रास होतो, तेव्हा मेबेव्हेरिन घेते आणि रेकॉर्डिंग लावते. अळसांदे अजून जमत नाहीत, पण यंदा चवथीला वाटीभर खतखतं खाल्लं.

मराठीत किंवा कोंकणीत पोटासाठीचं धड रेकॉर्डिंग कुणाला माहीत असेल तर सांगा, आईला आता स्वतःच्या ॲसिडिटीसाठी ऐकून बघायचंय, आणि तिला इंग्रजी नको.