बिटांचा भागाकार की मिनिटांचा हिशेब?

फोनच्या तारेवरून संगणकाची माहिती पाठवणाऱ्या जुन्या मोडेमची गती आणि टेलिकॉमच्या डिजिटल लाइनची गती शेजारी मांडायची तर दोन रस्ते आहेत. एक, सरळ बिटांना बिटांनी भागायचं. दुसरा, एक ठरावीक फाइल धरायची आणि ती दोन्हींवरून जायला किती वेळ लागेल ते काढायचं. वर्ग घेताना, जुने करार वाचताना मला दोन्हींची गरज पडली आहे.

भागाकाराचा मोठा गुण म्हणजे डिजिटल लाइनींच्या उतरंडीत तो लख्ख चालतो. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणून एका बोलण्याला ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. ई-वन म्हणजे अशी अनेक बोलणी एकत्र नेणारी लाइन; तिच्या २०४८ केबीपीएसला ६४ नं भागलं की बरोबर ३२. अमेरिकेतल्या तशाच टी-वन लाइनीच्या १५४४ ला भागलं की २४.१२५, आणि ते वरचं ०.१२५ म्हणजे फ्रेमिंगचे, म्हणजे नमुन्यांचा प्रत्येक गट कुठे सुरू होतो ते दाखवणाऱ्या बिटांचे, ८ केबीपीएस. उत्तरच आतली रचना सांगून टाकतं. अर्थात ई-वनच्या ३२ पैकी बोलणी ३०च होतात, कारण एक स्लॉट (६४ चा एक वाटा) जुळणीला आणि एक सिग्नलिंगला जातो. एसटीएम-वन या त्याहून कितीतरी मोठ्या लाइनीवर तर भागाकारानं जवळजवळ ७६ ई-वन येतात, प्रत्यक्षात बसतात ६३. तरी हे एकदा ठाऊक झालं की अडत नाही.

अडतं ते मोडेमपाशी, आणि माझा कौल तिथेच ठरला.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका शाखेत होतो. दिवसभराच्या नोंदींची फाइल सेकंदाला २४०० बिटांच्या मोडेमवरून मुंबईला पाठवायची. एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर रात्री अकरानंतर पाव व्हायचा, म्हणून अकराच्या ठोक्याला फोन लावायचा. साडेअकराला मुंबईकडची तीच लाइन दुसऱ्या शाखेला द्यावी लागायची. फाइल ५०० केबीची, म्हणजे ५,१२,००० बाइट. २४०० भागिले ८, सेकंदाला ३०० बाइट. साडेअठ्ठावीस मिनिटांत काम होतंय, असं धरून बसलो. साडेअकराला लाइन कापली गेली तेव्हा स्क्रीनवरचा ब्लॉकचा आकडा ३१०० च्या आसपास होता. एकूण ब्लॉक ४०००, प्रत्येकी १२८ बाइटांचा. फाइल पाठवायची आमची पद्धत एक्समोडेम, ती तुटलेलं काम पुढे उचलत नाही, त्यामुळे दुसऱ्या रात्री पहिल्यापासून, आणि दुसऱ्या रात्रीही तेच.

चूक भागाकारातल्या त्या ८ ची होती. असा मोडेम प्रत्येक अक्षराआधी एक स्टार्ट बिट आणि नंतर एक स्टॉप बिट पाठवतो. ८ चे १० होतात, ३०० बाइटांचे २४०. साडेपस्तीस मिनिटं तिथेच झाली, त्यावर एक्समोडेम दर १२८ बाइटांमागे थांबून पोच मागणार. तिसऱ्या दिवशी फाइलचे दोन तुकडे केले आणि दोन रात्रींत विभागले.

पुढे ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन, म्हणजे कायम भाड्यानं घेतलेली लाइन, आली. साहेबांनी विचारलं, किती पट? भागाकार म्हणतो २६.७. पण ही लाइन सिंक्रोनस, म्हणजे दोन्ही टोकं एकाच ठोक्यावर चालणारी, स्टार्ट-स्टॉप बिट न लागणारी; तिथे ८ नं भागणंच बरोबर: सेकंदाला ८००० बाइट, फाइल ६४ सेकंदांत. म्हणजे तेहेतीस पट. हेडरबिडर धरून आमची फाइल सव्वा मिनिटाच्या आत जायची. नुसत्या भागाकारानं नव्या लाइनीचा मोठेपणा चक्क कमी दाखवला होता.

मिनिटांचा हिशेबही निर्धोक नाही, हे सांगायला हवं. मोडेममध्ये व्ही.४२ या मानकाची चूक-दुरुस्ती चालू असेल तर तारेवरून स्टार्ट-स्टॉप बिट जातच नाहीत, मग १० नं भागणं जास्त कडक होतं. ५६ केबीपीएसच्या मोडेमचं तर वेगळंच. १९९८ च्या व्ही.९० या मानकात ती गती फक्त येणाऱ्या बाजूला. पाठवायला जास्तीत जास्त ३३.६. आयएसडीएन या डिजिटल फोनलाइनीच्या एका ६४ च्या चॅनलशी तुलना केली तर भागाकार सव्वा पटही दाखवत नाही, पण फाइल पाठवायची असेल तर फरक जवळपास दुपटीचा. माझ्या घरच्या तारेवर तर मोडेम ४८ च्या वर कधी जुळल्याचं आठवत नाही. आणि तक्त्यात ‘२४०० बॉड’ लिहिलेलं दिसलं तर आधी ते खोडा. बॉड म्हणजे तारेवरच्या सिग्नलात सेकंदाला होणारे बदल; तो मोडेम ६०० बॉडचा, दर बदलाला ४ बिट नेणारा.

परीक्षेत ई-वन, एसटीएम विचारले असतील तर भागाकार करा, तिथे तोच शोभतो. मोडेम मध्ये आला की मी फाइल धरतो, अजूनही तीच ५०० केबीची. ३०० च्या मोडेमवर तिला पावणेपाच तास लागतात, २४०० वर साडेपस्तीस मिनिटं, ६४ केबीपीएसवर ६४ सेकंद, आणि ई-वनवर दोन सेकंदांहून थोडं जास्त.